कपॅसिटिव्ह टच आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर: तुमच्या पॅनेलला कोणता चालेल?

कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे पीसीबीवरचा (सर्किट बोर्डवरचा) तांब्याचा पॅड आणि त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सतत मोजत राहणारी चिप. पॅड आणि ट्रॅकची मिळून मूळ कपॅसिटन्स साधारण 10 ते 20 पिकोफॅरड असते. बोट टेकल्यावर तिच्यात बहुधा 1 पिकोफॅरडहूनही कमी फरक पडतो. इतका बारीक फरक ओळखायचा असल्याने चिप निवडण्याआधी पॅनेलचे मटेरियल आणि जाडी पक्की करा.

चार-सहा सुट्या बटणांसाठी सेल्फ कपॅसिटन्स, म्हणजे एकट्या पॅडची कपॅसिटन्स मोजणारा प्रकार, पुरेसा. प्रत्येक बटणाला एक पॅड, चिपची एक पिन. पॅडचा व्यास 10 ते 15 मिलिमीटर. पण पाणी सांडले तर त्याला तो बोटच समजू शकतो. बटणे जास्त असतील किंवा दोन बोटांचे स्पर्श वेगळे ओळखायचे असतील तर म्युच्युअल कपॅसिटन्स घ्या. यात ट्रान्समिट आणि रिसीव्ह अशा दोन इलेक्ट्रोडमधली कपॅसिटन्स मोजतात. बोटामुळे ती कमी होते, पाण्याच्या सुट्या थेंबामुळे बहुधा वाढते, म्हणून दोन्हींतला फरक कळतो. मात्र पाण्याचा सलग थर साचला की हाही चुकतो.

प्रॉक्सिमिटीत स्पर्शाआधीच हात ओळखायचा असतो. अंतर साधारण इलेक्ट्रोडच्या आकाराएवढेच मिळते, म्हणून पॅनेलच्या कडेने मोठी लूप फिरवतात. तिच्यामागे ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा थर) ठेवला तर रेंज पार घटते. तिथे ड्रिव्हन शील्ड, म्हणजे सेन्सरच्याच सिग्नलवर चालवलेला तांब्याचा थर, द्या.

सर्वाधिक तक्रारी येतात त्या पॅड आणि पॅनेलमधल्या हवेच्या फटीमुळे. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (जितका जास्त, तितका बोटाचा परिणाम पॅडपर्यंत चांगला पोचतो) सुमारे 7, अ‍ॅक्रिलिकचा 3, हवेचा 1. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची फट साडेतीन मिलिमीटर जादा काचेइतकी नडते! पॅनेल दुतर्फी चिकटपट्टीने, बुडबुडा न ठेवता चिकटवा. मेटॅलिक रंग पॅडवर नकोच, तो विद्युतवाहक असेल तर क्षेत्र अडवतो.

चार्जर लावल्यावरच बटणे आपोआप दाबली जात असतील तर पुरवठ्यातला कॉमन-मोड नॉइज (दोन्ही तारांवर एकसारखा येणारा विद्युत गोंगाट) तपासा आणि चिपच्या पिनजवळ सुमारे 500 ओहमचा सिरीज रेझिस्टर आहे ना, ते पाहा. वीज सुरू होताना पॅडवर बोट असेल तर चिप तीच स्थिती मूळ धरते आणि बोट उचलल्यावरही बटण काही काळ दाद देत नाही. थोडा वेळ थांबून फेरकॅलिब्रेशन होऊ द्या, म्हणजे चिप मूळ स्थिती नव्याने ठरवेल.

चौकशी पाठवताना पॅनेलचे मटेरियल, जाडी, पॅडपासून चिपपर्यंतचे अंतर आणि हातमोजे वापरणार का, एवढे जरूर कळवा.