कर्ज फिटलं, तरी सिबिलवर थकीत? दुरुस्तीचा अर्ज असा करा

मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. बर्फ-डिझेलसाठी कर्ज मागायला माणूस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत जातो आणि तिथे कळतं की जुनं, कधीच फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसतंय. होडीवाले, काजू कारखानदार, होमस्टेवाले, सगळ्यांची हीच रड. दुरुस्तीला महिना जातो, म्हणून आपल्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट (क्रेडिट रिपोर्ट) मे महिन्यातच काढा.

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चारही बघा. जामीन राहिलेलं कर्जही त्यात दिसतं. भागीदारी फर्मचा रिपोर्ट वेगळा असतो. बँकेत मुंबईच्या मुलाचा नंबर दिला असेल तर रिपोर्ट काढतानाचा ओटीपी त्याच्याकडे जाईल, आधी त्याला फोन करा.

अर्ज अडतात ते मुख्यतः एका कागदावर: कर्ज खातं बंद झाल्याचा दाखला. लोक शेवटच्या हप्त्याची पावती घेऊन येतात, ती पुरत नाही. दाखल्यावर कर्ज खात्याचा नंबर आणि बंद झाल्याची तारीख हवीच. शाखेत ‘येणे बाकी नाही’ एवढं लिहून शिक्का मारून देतात. तो कागद घेऊन परत फिरू नका, तिथेच नंबर घालून घ्या. तुमचं पासबुक विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं असेल, तर ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे; दाखला आता तिथून घ्यायचा.

तडजोडीत कमी रक्कम भरून मिटवलेलं कर्ज ‘सेटल्ड’ दिसतं. ती चूक नाही, त्यावर अर्ज करून उपयोग होत नाही. उरलेली रक्कम भरायची तयारी असेल तर आधी बँकेशी बोला.

आता मुदत. ३० दिवस मोजायचे ते लेखी किंवा ऑनलाइन तक्रार केल्यापासून. साहेबांना तोंडी सांगितलं, त्यांनी ‘बघतो’ म्हटलं, ते दिवस कुणी धरत नाही, आणि लोकांचे दोन-दोन महिने यातच वाया जातात! तक्रार बँकेकडे करा किंवा रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे, पण तक्रारीचा नंबर घ्या. कंपनीने विचारल्यावर बँकेला उत्तरासाठी २१ दिवस असतात. एकूण ३० दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीत बँक खातं किंवा यूपीआय लिहिलं नसेल तर पैसे येणार कुठे? तेही लिहा.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. बँकेने कळवल्याशिवाय नोंद बदलत नाही, आणि ही तक्रार फुकट असते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, जा. १ सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. आधीच्या तक्रारीची प्रत आणि नंबर जोडा, नाहीतर अर्ज तिथूनच परत येतो.