कुत्र्याचा नवा खुबा आणि कोन दाखवणारा साचा

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर अशा जातींची काही पिल्लं वर्षाची व्हायच्या आतच वेगळी चालू लागतात. उठताना कुरकुरतात, जिना टाळतात, पळताना मागचे दोन्ही पाय एकदमच टाकतात. पुष्कळदा दुखणं खुब्यात असतं. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. हिप डिस्प्लेजिया या विकारात माथा उखळीत नीट बसत नाही, हलत राहतो. मग कूर्चा झिजते आणि संधिवात जडतो. वजन आटोक्यात ठेवून, व्यायामावर आणि औषधांवर अनेक कुत्र्यांचं निभावतं. ज्यांचं निभावत नाही, त्यांचा सांधा बदलता येतो. कुत्र्यांसाठी खास बनवलेले कृत्रिम खुबे 1970 च्या दशकापासून वापरात आहेत.

या शस्त्रक्रियेतला सगळ्यात नाजूक प्रश्न कोनाचा आहे. नवी उखळी, म्हणजे धातूचा कप, बाहेरच्या बाजूला साधारण 45 अंशांच्या आसपास उघडा राहावा लागतो. तो जास्त उघडा राहिला, तर बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचा नवा गोल माथा, वरच्या बाजूने निसटू शकतो. फार मिटलेला राहिला, तर इम्प्लांटची, म्हणजे कृत्रिम सांध्याची, बॉलखालची मान कपाच्या कडेवर आपटते आणि बॉल खालून निसटण्याची भीती असते. सिमेंट न वापरता बसवायचा कप हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या खरखरीत पृष्ठभागात हाड वाढतं. त्यामुळे ठोकताना जो कोन पडला, तोच बहुतेक वेळा कायमचा.

तो कोन डोळ्यांनी जोखणं का अवघड जातं? कुत्रा टेबलावर कुशीवर झोपवलेला असतो आणि निर्जंतुक कापडांखाली कमर दिसतच नाही. स्नायू बाजूला ओढून धरताना, पाय वळवताना कमर थोडी कलते. टेबलाच्या मानाने कोन बरोबर वाटला तरी कमरेच्या मानाने तो चुकलेला असू शकतो. त्यात डिस्प्लेजिया जुना असेल, तर उखळीची वरची कड झिजून सपाट झालेली असते आणि कडेला नवं वेडंवाकडं हाड वाढलेलं असतं. ज्या खुणांवर सर्जन भिस्त ठेवतो, नेमक्या त्याच पुसलेल्या असतात.

थ्रीडी प्रिंट केलेली गाइड, म्हणजे कोन दाखवणारा साचा, इथे कामाला येते. आधी कुत्र्याला भूल देऊन कमरेचा आणि मांड्यांचा सीटी स्कॅन करतात. स्कॅनमध्ये चकत्यांसारख्या मिळालेल्या प्रतिमांमधून संगणकावर हाडाचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं. त्यावर कप कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात बसवायचा हे निवांतपणे ठरवता येतं. मग त्याच हाडाच्या उंचसखल पृष्ठभागाचा ठसा असलेला छोटा तुकडा रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकमध्ये, छापतात. कवळी जशी एकाच माणसाच्या हिरडीवर बसते, तशी ही गाइड त्या एकाच कुत्र्याच्या उखळीच्या कडेवर बसते. तिच्यातल्या नळीतून हाडात पिन घालतात आणि हाड कोरणारा रिमर त्या पिनच्या दिशेने चालवतात. मांडीच्या हाडाची मान कुठे कापायची हे दाखवणारी गाइडही अशीच बनते. माणसांच्या अस्थिशल्यक्रियेत ही कल्पना जर्मनीतल्या आखेन इथल्या क्लाउस राडरमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुढे आणली. थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाल्यावर ती पशुवैद्यकातही रुळू लागली.

माझ्या मते या तंत्राची खरी कसोटी संगणकावर नाही, हाडावर लागते. सीटीमध्ये हाड स्वच्छ दिसतं, पण त्यावरची कूर्चा आणि मऊ ऊती तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. कडेवर सांध्याच्या आवरणाचा एखादा पदर राहिला, तर गाइड त्यावर टेकते, एका बाजूने किंचित उचलली जाते आणि चुकीचा कोन तेवढ्याच ठामपणे दाखवते. म्हणून टेकण्याच्या जागा खरवडून साफ कराव्या लागतात. गाइडसोबत छापलेलं हाडाचं मॉडेल जवळ असेल, तर ती मॉडेलवर कशी बसते ते पाहून मग कुत्र्याच्या हाडाशी ताडून बघता येतं. शिवाय ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेने रेझिन वाकायला नको. स्कॅन जुना झाला असेल, तर मधल्या काळात वाढलेल्या हाडामुळेही गाइड नीट बसत नाही.

हाड फारसं बिघडलेलं नसेल, तर अनुभवी सर्जन गाइडशिवायही उत्तम काम करतो. उखळी फार झिजलेली असली किंवा सर्जन नवखा असला, की तिचा खरा उपयोग होतो.

रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांधेबदलासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं, पण तोवर उशीर झाला होता, म्हणून डॉक्टरांनी सांधा एका स्थितीत कायमचा स्थिर केला. हे त्यांनीच मुंबईतलं प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू होताना सांगितलं होतं. ही शस्त्रक्रिया वेळेत आणि जवळ होणंही तितकंच महत्त्वाचं. गाइडची फाइल इंटरनेटवरून कुठूनही येऊ शकते. इम्प्लांट आणि सरावलेला हात मात्र कुत्र्याजवळच असावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर एक्स-रे काढून प्रत्यक्ष कोन ठरवलेल्या कोनाशी ताडतात. तो जुळला तरी पहिले काही आठवडे जोखमीचे, कारण सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू अजून भरून यायचे असतात. कुत्र्याला पट्ट्यावरच फिरवायचं, उड्या आणि जिने बंद. घरात गुळगुळीत फरशी असेल, तर त्याच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया आधीच घालून ठेवाव्यात.