बधिरक वेदनाशामक पट्टी

बधिरक वेदनाशामक पट्टी (लिडोकेन पॅच) : दुखऱ्या भागावर चिकटवून तिथली वेदना काही तासांपुरती मंद करणारी औषधी पट्टी. तिच्यातले औषध बहुधा लिडोकेन असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या पट्टीत त्याचे प्रमाण जास्तीत जास्त ४ टक्के असावे, अशी मर्यादा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घातली आहे. कंबर, मान, खांदा किंवा गुडघा अशा जागी स्नायू आखडले, लचक भरली की ही पट्टी वापरतात. ती दिसते जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखी, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण जखमेवर ती लावायचीच नसते.

लिडोकेन स्वीडनमध्ये तयार झाले. नील्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये बनवले आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी त्याची सुई स्वतःलाच टोचून घेऊन गुण पाहिला. १९४८ पासून ते बाजारात आहे. दात काढण्यापूर्वी हिरडीत भुलीची जी सुई देतात, तिच्यात बहुतेकदा हेच औषध असते. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून पुढे सरकतो तो सोडियमचे कण तंतूच्या आत शिरल्यामुळे. लिडोकेन सोडियमच्या वाटा अडवते आणि संदेश जागच्या जागी विरतो. अशाच सोडियमच्या वाटा हृदयाच्या स्नायूत आणि मेंदूतही आहेत. म्हणून तर हृदयाचे ठोके अनियमित झाले असता रुग्णालयात हेच औषध शिरेतून देतात. पाठीला लावलेली पट्टी आणि हृदय यांचा संबंध काय, असे वाटू शकते. औषध पाठीपुरते राहिले तर काहीच नाही. ते तिथेच राहावे, एवढ्यासाठी पट्टीच्या वेष्टनावरचे बहुतेक नियम आहेत.

औषध जागेवर राखण्याचे काम त्वचा करते. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर औषधाला फार सावकाश आत सोडतो. चिठ्ठीवर मिळणाऱ्या ५ टक्क्यांच्या एका मोठ्या पट्टीत, म्हणजे १० × १४ सेंमी. मापाच्या, ७०० मिग्रॅ. लिडोकेन असते. १२ तासांत त्यातले सरासरी ३ टक्के शरीरात जाते. अशा ३ पट्ट्या एकदम लावल्या तरी निरोगी माणसाच्या रक्तात उतरणारे प्रमाण हृदयाच्या उपचाराला लागणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे एक दशांश भरते. थोडक्यात, पट्टीत औषध भरपूर असते आणि मात्रा ठरवते ती त्वचा. हा थर दुबळा झाला की हिशेब बदलतो.

तो दुबळा होण्याची कारणे रोजचीच आहेत. खरचटलेली, भाजलेली, पुरळ आलेली त्वचा औषध झपाट्याने शोषते. नुकतीच दाढीच्या पात्याने साफ केलेली जागाही त्यातच धरावी. केस अडत असतील तर ते कात्रीने बारीक करावेत, वस्तरा फिरवू नये. उष्णतेने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध जास्त वेगाने आत ओढले जाते. म्हणून पट्टीवर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवर तापणारी गादी ठेवू नये. शेकायची सवय असलेल्यांना हा नियम जाचक वाटतो. पण इथे धोका दुहेरी आहे : औषध जास्त शोषले जाते, आणि जागा बधिर असल्याने चटका बसतो तोही वेळेवर कळत नाही. पट्टीवरून प्लॅस्टिक किंवा घट्ट बँडेज गुंडाळणेही टाळावे. लेसरने केस काढण्यापूर्वी पायांना बधिर करणारे तीव्र मलम फासून, वरून प्लॅस्टिक गुंडाळल्यामुळे दोन तरुण स्त्रिया दगावल्या, तेव्हा २००७ मध्ये अमेरिकी प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. तिथे मलम होते, पट्टी नव्हती. पण मोठे क्षेत्र, तीव्र औषध आणि वरचे आवरण हे तीन दोष पट्टीच्या बाबतीतही तितकेच लागू आहेत.

‘बधिरक’ या नावानेही गैरसमज होतो. पट्टीखालची त्वचा हिरडीसारखी ठार बधिर होत नाही. पट्टीतून आत जाणारे औषध वेदना मंदावण्यापुरतेच असते. स्पर्श बराचसा कळत राहतो. चिमटा काढून पाहिला, तो कळला, म्हणजे पट्टी निकामी आहे असे समजून शेजारी दुसरी लावणे ही नेहमीची चूक. तीच चूक वेगळ्या रूपात होते ती पट्टीच्या जोडीला लिडोकेनचेच मलम किंवा फवारा वापरल्याने. एका वेळी किती पट्ट्या, किती तास आणि दिवसातून किती वेळा, हे उत्पादनागणिक बदलते. काहींवर ८ तास लिहिलेले असते, काहींवर १२. एका पट्टीचा नियम दुसरीला लावू नये. ७ दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरे वाटून दुखणे पुन्हा उपटले, तर पट्टी थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सर्वच वेदनाशामक पट्ट्यांत लिडोकेन असते असे नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांत ते एकटे नसते. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते; मिरचीतले कॅप्सायसीन उष्णतेच्या ग्राहींना. वेदनेवरून लक्ष दुसऱ्या संवेदनेकडे वळवण्याची ही युक्ती आहे. मेंथॉल, मिथिल सॅलिसिलेट आणि कॅप्सायसीन असलेल्या मलमांनी व पट्ट्यांनी काही जणांची त्वचा खरोखर भाजल्याचा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०१२ मध्ये दिला होता. थोडी चुणचुण चालते. आग होऊ लागली किंवा फोड आले, तर सहन करत बसू नये. पट्टी काढून जागा धुवावी. मिथिल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातले. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने लावू नये. खोक्यावरचे ठळक नाव काहीही असो, वाचायची असते ती मागची बारीक अक्षरांतली घटकद्रव्यांची ओळ. ‘पॅच’ हे केवळ औषधाचे रूप आहे : फेंटानिलसारख्या अफूवर्गीय औषधाचाही पॅच असतो आणि त्याचा या पट्टीशी काडीचा संबंध नाही. घरातल्या कोणा रुग्णाची उरलेली पट्टी म्हणूनच कधी वापरू नये.

लिडोकेनचा निचरा यकृत करते. यकृताचा आजार असलेल्यांनी, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी मेक्सिलेटीनसारखे औषध घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि पूर्वी भुलीच्या सुईची ॲलर्जी आलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांना ती परस्पर लावू नये. एमआरआय तपासणीला जाताना अंगावर पट्टी असल्यास तसे सांगावे. काही औषधी पट्ट्यांच्या पाठीत धातूचा पातळ थर असतो आणि तो यंत्रात तापून चटका देतो.

गुणाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवलेली बरी. ५ टक्क्यांच्या पट्टीला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी. नागिणीचे फोड ओले असताना ती लावत नाहीत. कंबरदुखीसाठी तिचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. शिवाय काही दुखणी अशी, की त्यांवर पट्टी चिकटवणे म्हणजे वेळ दवडणे : छातीत दाटून खांद्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, एकाच पायाच्या पोटरीला आलेली दुखरी सूज, लघवीवरचा ताबा सुटून आलेली कंबरदुखी.

वापरून झालेली पट्टी रिकामी नसते. वर सांगितलेल्या ७०० मिग्रॅ.च्या पट्टीत १२ तासांनंतरही निदान ६६५ मिग्रॅ. औषध शिल्लक असते. मोठ्या माणसाच्या पाठीवर निरुपद्रवी ठरलेली तीच पट्टी रांगत्या मुलाने चोखली किंवा कुत्र्याने चघळली तर जिवावर बेतू शकते, कारण तोंडाच्या आतल्या त्वचेला तो वरचा राठ थर नसतो. चिकट बाजू आत घेऊन पट्टी दुमडावी, मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाकावी आणि हात धुवावेत. न धुतलेला हात डोळ्याला लागला तर डोळा बधिर होतो आणि कचरा गेलेला कळत नाही. औषध रक्तात जास्त गेल्याची पहिली खूण बहुधा तोंडाशी दिसते : ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव. मग कानात गुणगुण, चक्कर, धूसर दिसणे, हातापायांना कंप. पुढे झटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अशा वेळी सर्व पट्ट्या काढाव्यात, जागा साबणाने धुवावी आणि पट्टीचे वेष्टन बरोबर घेऊन रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.