थंड हवेतली शार्डोने

शार्डोने : पांढऱ्या वाइनसाठी जगभर लावले जाणारे, मूळचे फ्रान्सच्या बर्गंडी भागातले द्राक्षवाण. त्याची वाइनही याच नावाने ओळखली जाते. पिनो न्वार हे मानाचे काळे वाण आणि गुए ब्लाँ हे फारशी पत नसलेले पांढरे वाण यांच्या संकरातून शार्डोने आले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीतून कळले. या द्राक्षाला स्वतःचा असा ठळक वास नाही, त्यामुळे वाइनमध्ये हवा, माती आणि तळघरातली हाताळणीच जास्त बोलते.

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी पिकू लागला, की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. मण्यातले मॅलिक आम्ल उष्ण रात्री भराभर जळून जाते, थंड रात्री टिकून राहते. म्हणून थंड भागातली शार्डोने हिरव्या सफरचंदाकडे, लिंबाकडे झुकते. उष्ण भागात तीच अननस, आंबा, पिकल्या केळ्याच्या वळणावर जाते आणि तिच्यात अल्कोहोलही अधिक भरते. हे मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी मऊ लॅक्टिक आम्लात बदलून घेता येते. लॅक्टिक म्हणजे दह्यातले आम्ल. या बदलात डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते आणि वाइनला लोण्याचा वास येतो. ओकच्या नव्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास त्यावर चढवला, की मूळ द्राक्ष शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकाराचा बराच अतिरेक झाला.

दक्षिण आफ्रिकेत हर्मेनसजवळ हेमेल-एन-आर्दे नावाचे खोरे आहे. नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि पृथ्वी’. जाहिरात व्यवसायातल्या टिम हॅमिल्टन रसेल यांनी १९७५ मध्ये येथे जमीन घेतली आणि हॅमिल्टन रसेल व्हिनयार्ड्स हा मळा उभा केला. मळ्याने पिनो न्वार आणि शार्डोने या दोनच वाणांवर आपले नाव बांधले. जमीन दगडगोट्यांची, पण चिकणमाती भरपूर असलेली. समुद्र जवळ असल्याने उन्हाळ्यात गार वारा खोऱ्यात शिरतो. बर्गंडीच्या मानाने हे खोरे उबदारच आहे. ‘थंड’ हे विशेषण केप प्रांताच्या आतल्या, तापलेल्या द्राक्षपट्ट्यांशी तुलना करून लावलेले आहे, हे मळ्याच्या कौतुकात विसरू नये.

सुरुवात सोपी नव्हती. केव्हीडब्ल्यू या वाइनधंद्याच्या मध्यवर्ती संस्थेच्या कोटा पद्धतीत या खोऱ्याला वाइनद्राक्षाचा वाटाच नव्हता. शार्डोनेच्या चांगल्या काड्या देशात मिळणेही कठीण होते, कारण रोपांच्या विलगीकरणाचे सरकारी नियम कडक आणि कारभार संथ. त्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या काही बागायतदारांनी काड्या चोरून आणल्या. त्यांतल्या काही वाढल्यावर शार्डोने नव्हे, ओसेरवा नावाच्या दुसऱ्याच पांढऱ्या वाणाच्या निघाल्या! प्रकरण १९८० च्या दशकात चौकशी आयोगापर्यंत गेले. नर्सरीतून एक वाण सांगून दुसरेच हाती पडल्याचा अनुभव आपल्याकडेही कोणाला नवा नाही.

खानदेशातून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. हेमेल-एन-आर्देत द्राक्षतोड साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि महाराष्ट्रातला मुख्य हंगामही त्याच सुमारास असतो. महिने तेच, दिशा उलटी. तिकडे उन्हाळा ओसरत असतो, इकडे तो चढत असतो. त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात तिकडचे आम्ल राखले जाते. आपल्याकडे साखर धावते आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो.

दुसरा फरक छाटणीचा. थंड देशात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो, म्हणून वर्षातून एकदाच छाटतात. आपला वेल झोपतच नाही. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून माल धरायचा, अशी दोन छाटण्यांची रीत त्यातूनच आली. आता नाशिक जिल्ह्यात असलेला बागलाण तालुका १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यात होता. तिथले शेतकरी आगाप भावासाठी छाटणी पावसाळ्यातच उरकतात आणि डावणी या बुरशीच्या रोगाशी झुंजत डिसेंबरच्या आसपास माल काढतात. ही सगळी खायची द्राक्षे. महाराष्ट्रात शार्डोने पिकते, पण अकलूजसारख्या मोजक्या ठिकाणी. ती लवकर फुटते, साल पातळ, आणि उष्णतेत आम्ल टिकवणे अवघड. त्यामुळे इथे शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाणांनी बाजी मारली.

थंड हवाच हवी, तर सातपुडा आठवतो. तिथे तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, आणि डाबसारख्या गावात स्ट्रॉबेरीही होते. पण नुसत्या उंचीवर भागत नाही. तिथली कडक थंडी नेमकी आपल्या छाटणीच्या वेलावर घड असतानाच येते आणि पावसाळ्यात बुरशी पाठ सोडत नाही.

थंडीचा धाक मात्र शार्डोनेच्या थंड मुलखात आणि खानदेशात सारखाच. फ्रान्सच्या शाब्लीत शार्डोनेचे कोंब फुटतात आणि एप्रिलमध्ये दंव गोठते. मग शेतकरी ओळींमध्ये मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, काही जण कोंबांवर पाणी फवारून बर्फाचेच कवच चढवतात. रावेर-यावलकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीचा पोगा, म्हणजे न उलगडलेले नवे पान, अडकतो, पाने पिवळी पडतात. तेव्हा बागेला रात्री पाणी सोडायचे आणि पहाटे बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करायचा.