नवोदितांचा भाव कोण ठरवतो? एनएफएल ड्राफ्टची पार्श्वभूमी

आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्यांना अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड, हा त्याचाच एक प्रकार वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात दोहोंची दिशा उलटी आहे. लिलावात एका खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात आणि भाव चढतो, तर ड्राफ्टमध्ये महाविद्यालयातून आलेल्या खेळाडूवर एकाच संघाचा हक्क ठरतो आणि दुसरा बोली लावणारा उरतच नाही.

ही व्यवस्था मुळात त्यासाठीच जन्मली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ हरत होता आणि चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात होते. तळाच्या संघाला पहिली निवड मिळावी, हा त्यांचा प्रस्ताव १९३५ मध्ये मान्य झाला. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचा होता, पण त्याने मागितलेली रक्कम ना ईगल्सला परवडली ना पुढे त्याचे हक्क घेणाऱ्या शिकागो बेअर्सना. तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. ठरलेला भाव मान्य नसेल तर खेळ सोडणे, एवढाच पर्याय त्याच्यापुढे होता.

नवोदितांचा भाव वाढला तो प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली तेव्हाच. १९६० मध्ये एएफएल ही दुसरी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि एकाच खेळाडूवर दोन लीगमधील संघ दावा सांगू लागले. १९६५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथला सुमारे ४ लाख २७ हजार डॉलरचा करार दिला, तो या चढाओढीतूनच. पुढच्याच वर्षी दोन्ही लीगनी विलीनीकरणाचा निर्णय घेतला आणि १९६७ पासून ड्राफ्ट एकत्र झाला. १९८० च्या दशकात यूएसएफएल या आणखी एका प्रतिस्पर्धी लीगमुळे काही वर्षे हीच गोष्ट पुन्हा घडली.

न्यायालयातला प्रसंग अधिक बोलका आहे. वॉशिंग्टन संघाने १९६८ मध्ये निवडलेला जेम्स ‘याझू’ स्मिथ पहिल्याच हंगामात मानेच्या दुखापतीने कायमचा बाद झाला. ड्राफ्ट नसता तर अधिक चांगला करार मिळाला असता, असा दावा त्याने लावला, आणि तत्कालीन ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो, असा निकाल १९७६ मध्ये लागला; अपील न्यायालयाने १९७८ मध्ये तो मूलतः उचलून धरला. मात्र तोवर, १९७७ मध्ये, खेळाडू संघटनेने सामूहिक करारात ड्राफ्टला संमती दिली होती, आणि अशा कराराला त्या कायद्यापासून संरक्षण मिळते. वाटाघाटीच्या टेबलावर बसतात ते आधीपासून खेळणारे; ज्यांचा भाव ठरायचा असतो ते तेव्हा महाविद्यालयात असतात. पुढचे सगळे करार या एका गोष्टीवर उभे आहेत, असे माझे मत आहे.

१९९३ च्या करारात अनुभवी खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली. त्याबरोबर, १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा आली आणि नवोदितांसाठीच्या रकमेवर वेगळे बंधन आले. परंतु बोनसची रक्कम कराराच्या वर्षांवर विभागून दाखवण्याची सोय असल्याने या बंधनाला पळवाटा फुटल्या. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना न खेळता सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातील ५ कोटी हमीचे. अनुभवी खेळाडूंनाही हे खुपत होतेच.

२०११ मध्ये करारावरील वादातून संघमालकांनी खेळाडूंसाठी केलेल्या टाळेबंदीनंतर नवोदितांची वेतनश्रेणी निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरूनच गेली. त्याच वर्षी पहिला निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळाले सुमारे २ कोटी २० लाख. पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे असतो, आणि तीन हंगाम होईपर्यंत करारात बदल करता येत नाही. ज्यांची कारकीर्द मुळातच छोटी, त्या रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचा, सर्वांत सुगीचा काळ अशा रीतीने श्रेणीच्या भावात निघून जातो. दुसरीकडे, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा निवडलेला ब्रॉक पर्डी २०२३ च्या हंगामात ८ लाख ७० हजार डॉलरच्या मूळ वेतनावर सॅन फ्रान्सिस्को संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

श्रेणीत रक्कम ठरते, पण तिची हमी किती, यावर घासाघीस उरतेच. २०२५ मध्ये ह्यूस्टन संघाने दुसऱ्या फेरीतील, ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमीचा करार दिला. ते पाहून त्या फेरीतील बहुतेक खेळाडूंनी जुलैपर्यंत सह्या रोखून धरल्या.