इन्कर्ड क्लेम रेशो (आरोग्य विमा)

आरोग्य विमा कंपनीने वर्षभरात कमावलेल्या दर 100 रुपये प्रीमियममागे किती रुपये क्लेमपोटी गेले ते सांगणारा आकडा, बोलताना नुसतं आयसीआर. मेडिक्लेम काढताना एजंट हाच आकडा पुढे करतात आणि जास्त असेल तर कंपनी क्लेम चांगले देते असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. आलेल्या क्लेमपैकी किती निकाली निघाले ते सांगणारा सेटलमेंट रेशो वेगळा. आयसीआर हा मुळात कंपनीच्या जोखमीचा आणि पैशाच्या नियोजनाचा आकडा, आणि तोही बराचसा अंदाजावर उभा.

काढायची रीत अशी: वर्षात दिलेले क्लेम, अधिक वर्षाअखेरीस देणं बाकी असलेले, वजा वर्षाच्या सुरवातीला बाकी होते ते, आणि या सगळ्याला कमावलेल्या प्रीमियमने भागायचं. वरखाली दोन्हीकडे पुनर्विम्याचा (कंपनीने आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवलेल्या विम्याचा) वाटा आधी वजा होतो.

आधी खालचा आकडा, म्हणजे कमावलेला प्रीमियम, बघू. समजा 1 जानेवारीला 24,000 रुपयांची वर्षभराची पॉलिसी विकली. पैसे सगळे हातात आले तरी 31 मार्चला पुस्तकं बंद करताना कंपनीने 90 दिवसांचीच जोखीम वाहिलेली असते, म्हणून दिवसांच्या हिशोबाने साधारण 5,918 रुपये कमावलेले धरायचे आणि उरलेले 18,082 अनएक्स्पायर्ड रिस्क रिझर्व्ह म्हणून पुढच्या वर्षात न्यायचे. पूर्वी सरसकट निम्मे राखून ठेवायची पद्धत होती, तिने याच पॉलिसीचे 12,000 कमावलेले दिसले असते, म्हणजे एकही पेशंट न वाढता नुसती पद्धत बदलली की रेशो हलतो. त्यात आपल्याकडे प्राप्तिकरातली 80डीची वजावट मिळवायला लोक मार्चमध्येच धावतात, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. गंमत म्हणजे एजंटचं कमिशन असं पुढे ढकलता येत नाही, ते विकलं त्याच वर्षी खर्ची पडतं, त्यामुळे झपाट्याने वाढणारी कंपनी क्लेम कमी असूनही तोट्यात दिसू शकते.

वरचा आकडा, म्हणजे क्लेमचा, जास्त अवघड. 27 मार्चला ॲडमिट झालेला पेशंट 2 एप्रिलला घरी जातो, रीइम्बर्समेंटचे कागद अजून दोन-तीन आठवड्यांनी येतात, पण खर्च मात्र जुन्या वर्षाचा. अशा घडलेल्या पण अजून कंपनीपर्यंत न पोचलेल्या क्लेमसाठी ॲक्चुअरी (विम्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ) अंदाजे रक्कम बाजूला काढतात, तिला आयबीएनआर म्हणतात. त्यासाठी बहुतेक वेळा चेन लॅडर पद्धत वापरतात, म्हणजे मागच्या काळात क्लेम महिन्यामागून महिना कसे येत गेले त्याचा त्रिकोणी तक्ता मांडायचा आणि पुढेही तसंच होईल असं धरायचं. 2020 मध्ये नेमकं तसं झालं नाही. लॉकडाऊनमध्ये मोतीबिंदू, गुडघे, हर्नियाची ऑपरेशनं लांबली आणि 2021 च्या एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेची बिलं एकदम येऊन पडली, जुने तक्ते फारसे कामाचे राहिले नाहीत. 2021-22 मध्ये देशातल्या आरोग्य विम्याचा एकूण रेशो 100 च्या वर गेला. आयबीएनआर हात राखून काढला की यंदाचा रेशो छान दिसतो आणि पुढच्या वर्षी फुगतो, म्हणून एकाच वर्षाचा आकडा बघून काही ठरवू नये.

भारतात आरोग्य विम्याची सुरवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही अभ्यासक कामगारांसाठीच्या 1948 च्या ईएसआय कायद्यापासून (लाभ 1952 पासून) धरतात, काही केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या 1954 च्या सीजीएचएसपासून, तर विमाक्षेत्रातले लोक 1986 च्या मेडिक्लेमपासून. पहिल्या दोन्हीत वर्गणी पगारावरून ठरते, माणसाच्या वयाशी-आजाराशी तिचा संबंध नाही, त्यामुळे या नोंदीपुरतं तरी 1986 जास्त पटतं.

काही कंपन्यांचा रेशो 100 च्या आसपास का चढला यावरही दोन मतं आहेत. एक मत 2001 च्या नियमांनी आलेल्या टीपीएंवर (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांवर) आणि कॅशलेसवर खापर फोडतं: बिल तिसराच भरणार म्हटल्यावर हॉस्पिटलही हात आखडत नाही आणि पेशंटही. दुसरं मत ग्रुप पॉलिसीकडे बोट दाखवतं. 2007 पर्यंत आगविम्याचे दर टॅरिफने (सगळ्या कंपन्यांना सारख्या ठरवून दिलेल्या दरपत्रकाने) बांधलेले आणि चांगले फायद्याचे होते, कारखान्याचा आगविमा मिळावा म्हणून कंपन्या त्याच मालकाला कामगारांचा मेडिक्लेम पडत्या भावात द्यायच्या. टॅरिफ गेल्यावर आगीचा नफा आटला पण ग्रुपचे भाव लगेच वर आले नाहीत. दुसरं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण टीपीए रिटेल (वैयक्तिक) पॉलिसीलाही असतातच, तरी ग्रुप आणि रिटेलच्या रेशोतला फरक टिकून आहे. वेटिंग पिरियड नाही, बाळंतपण पहिल्या दिवसापासून, वर आईवडीलही, अशा ग्रुप पॉलिसींचा भरणा असलेल्या सरकारी कंपन्या 100 च्या आसपास आणि रिटेलवर चालणाऱ्या स्टँडअलोन (फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या) कंपन्या साधारण 60 ते 70 च्या पट्ट्यात असतात.

हॉस्पिटलांची बिलं आवरायला जुलै 2010 मध्ये चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसह मोठ्या शहरांत पॅकेज दर मान्य न करणाऱ्या हॉस्पिटलांची कॅशलेस सोय काढून घेतली (दर मान्य करणाऱ्या हॉस्पिटलांचं जाळं ते पीपीएन), प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं.

क्लेममध्ये कमिशन आणि ऑफिसखर्च मिळवला की कंबाइंड रेशो होतो. खर्चाची मर्यादा जनरल कंपन्यांना एकूण प्रीमियमच्या 30 टक्के आणि स्टँडअलोनना 35 टक्के, म्हणजे 65 चा आयसीआर असूनही स्टँडअलोन कंपनी काठावर असू शकते. शिवाय सॉल्व्हन्सी, म्हणजे नियमाने लागणाऱ्या भांडवलाच्या मानाने हातातलं भांडवल, किमान 1.5 पट लागते. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया तिथे घसरल्या, केंद्राला त्यांच्यात अनेक हजार कोटींचं भांडवल घालावं लागलं.

सरकारी योजनांत जोखीम थरांनी वाटतात. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजना एकत्र चालवताना 1.5 लाखांपर्यंतचा थर विमा कंपनीकडे आणि त्यावर 5 लाखांपर्यंतचा राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे ठेवला होता. अशा ठिकाणी कंपनीचा रेशो फक्त खालच्या थराचा असतो, योजनेचा पूर्ण खर्च त्यात येत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, ग्रुपवरचा राहिला. कर प्रीमियमच्या आकड्यात कधीच धरत नाहीत म्हणून आयसीआर त्याने थेट हलत नाही, पण कमिशन आणि भाड्यावर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट (तो कर वळता करून घ्यायची सोय) बंद झालं आणि तो बोजा कंबाइंड रेशोत येतो.