मोटोजीपीत जागा कशी मिळते: करार, पैसा आणि पासपोर्ट
(रेसची गाडी आमच्याकडे तयार करून घेणाऱ्यांसाठी)

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये गाडी सोडायला आलेला माणूस तासभर तरी मोटोजीपीवर, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेवर, बोलतोच. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडची पोरं आता कोईम्बतूर-चेन्नईच्या ट्रॅकवर जातायत, त्यामुळे पालकही विचारतात, "सगळे स्पेन-इटलीचेच कसे हो? भारतीय म्हणून आमच्या पोराला जागा मिळेल का?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं.

आयपीएलमध्ये अकरा जणांत परदेशी फक्त चार, असा नियम आहे. मोटोजीपीत असला कोटा नाही. 2025 च्या 22 कायम रायडरांत 9 स्पॅनिश आणि 6 इटालियन होते. लोक म्हणतात वशिला. आम्हाला तसं वाटत नाही. तिकडची पोरं शाळेत जायच्या वयात मिनीबाइकवर बसतात, आणि ज्युनियर शर्यती त्यांच्या घराजवळच होतात. आपल्याला ट्रॅक गाठायलाच रात्रभर टेम्पो चालवावा लागतो.

तरी पासपोर्टला किंमत आहे. प्रायोजकाला जिथं माल खपवायचा, तिथला चेहरा हवा असतो. होंडाच्या गाड्या चालवणाऱ्या एलसीआर संघाची एक गाडी इदेमित्सू या जपानी तेल कंपनीच्या रंगात धावायची, आणि तिच्यावर आशियाई रायडर असायचा. आधी जपानचा नाकागामी, मग 2025 ला सोमकियत चांत्रा, या वर्गातला पहिला थाई. गुण मिळेनात, तेव्हा एका हंगामातच जागा गेली. 2026 साठी ती ब्राझीलच्या दियोगो मोरेराला मिळाली. त्याच वर्षी ब्राझीलची शर्यतही कॅलेंडरवर परतली, हा काही निव्वळ योगायोग नसावा. पण मोरेरा मोटो2 चा, म्हणजे मोटोजीपीच्या लगेच खालच्या वर्गाचा, 2025 चा विजेता आहे, हेही विसरू नका.

आणि भारतीय कंपनी म्हणजे भारतीय रायडर, असंही नाही. महिंद्राची गाडी मोटो3 मध्ये, म्हणजे मोटो2 च्याही खालच्या वर्गात, धावायची. 2016 ला नेदरलँड्समधल्या आसेनला ती पहिल्यांदा जिंकली, तेव्हा वर बसला होता इटलीचा बन्याया. केटीएम या ऑस्ट्रियन मोटारसायकल कंपनीला बजाजने सावरलं म्हणून आपल्या पोरांना तिथं दार उघडेल, ही आशा सध्या बाजूला ठेवा.

आता करार. बरेचदा रायडरचा करार संघाशी नसून थेट कारखान्याशी, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीशी, असतो. कारखाना त्याला कुठल्या संघात बसवायचं ते ठरवतो. 2027 पासून 1000 ऐवजी 850 सीसीचं इंजिन येणार, तेव्हा कोणाची गाडी चांगली निघेल ते ठाऊक नाही, म्हणून बहुतेकांनी करार 2026 अखेरपर्यंतच धरलेत. सही झाली म्हणजे पक्कं, असंही नाही. मार्क मार्केझ होंडाच्या चार वर्षांच्या करारातलं शेवटचं वर्ष सोडून, दोघांच्या संमतीने, डुकाटीच्या गाड्या चालवणाऱ्या ग्रेसिनी संघाकडे गेला आणि 2025 ला डुकाटीवर जगज्जेता झाला. होर्हे मार्टिनने एप्रिलियाच्या करारातलं बाहेर पडायचं कलम पुढं केलं, कंपनीनं मानलं नाही, शेवटी तो तिथंच राहिला. उलट सुझुकीने 2026 पर्यंतचा शब्द असताना 2022 अखेर गाशा गुंडाळला आणि तिच्या मीर, रिन्स या रायडरांना दुसरं घर शोधावं लागलं.

खालच्या वर्गात तर गंगा उलटी वाहते. तिथं बरेच रायडर पगार घेत नाहीत, पैसे घेऊन संघाकडे जातात. इकडेही "आमच्या टीमकडून खेळवतो" म्हणून जो कागद येतो, त्यात आधी एकच पाहा: गाडी पडल्यावर फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कवच), क्लच लिव्हर, रेडिएटरचा खर्च कोणाचा? लिहिलं नसेल, तर तो तुमच्याच गळ्यात पडणार असं समजा. इंजिन खोलायचा खर्चही तसाच. शिवाय 18 वर्षांखालच्या मुलाची सही आपल्या कायद्यात टिकत नाही. सही बापाची, म्हणजे देणंही बापाचं.

कागद इंग्रजीत असेल तर वकिलाकडून वाचून घ्या. आम्ही वकील नाही. गाडी आणि सुट्या भागांची कलमं मात्र बसून समजावून सांगू, त्याचे पैसे घेत नाही. व्हॉट्सॲपवर अर्ध्या पानाचा फोटो पाठवू नका, सगळी पानं घेऊन या. रविवारी शेड बंद.